पाण्याखालचा डोंगर : मेरी थार्प यांचं काम



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभं आयुष्य शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे यंदा नव्या वाटा शोधणाऱ्या एखाद्या स्त्रीवर बोला, असं संयोजकांनी सुचवलं याचं मला नवल वाटलं नाही. अशी नावं पुष्कळ आहेत. कुणी वाळवंट ओलांडलं, कुणी वेष पालटून ल्हासा गाठलं, कुणी आफ्रिकेतल्या नद्यांमधून होडीनं गेली. मी मात्र आज अशा बाईविषयी बोलणार आहे, जिला तिच्या शोधाच्या ठिकाणी जायला कितीतरी वर्षं मज्जाव होता.

पृथ्वीचा सुमारे ७० टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे. या पाण्याखालची जमीन कशी आहे, तिथं डोंगर आहेत की मैदानं, याचं पाहताक्षणी कळेल असं पहिलं चित्र या बाईनं काढलं. काढलं तेही हडसन नदीच्या काठच्या एका जुन्या बंगल्यात, टेबलाशी बसून, टाक आणि शाई घेऊन. तिचं नाव मेरी थार्प. जन्म ३० जुलै १९२०, मृत्यू २३ ऑगस्ट २००६. जिथं माणसाचं पाऊल पोचत नाही आणि नजरही पोचत नाही, तिथला शोध नेमका लागतो कसा, हे त्यांच्या कामात इतकं स्वच्छ दिसतं की आजचा बराचसा वेळ मी त्यांच्या एकाच शोधाला देणार आहे.

मेरीचे वडील विल्यम थार्प अमेरिकेच्या शेतीखात्यात मातीची पाहणी करण्याच्या कामावर होते. ऋतू बदलला की त्यांचा मुक्काम बदले, हिवाळ्यात दक्षिणेकडे आणि उन्हाळ्यात उत्तरेकडे. घरही त्यांच्याबरोबर हले. मेरीच्या शाळा दोन डझनांच्या आसपास झाल्या. एवढ्या शाळा बदलणाऱ्या मुलीला जिवाभावाच्या मैत्रिणी कुठून मिळणार? पण वडिलांबरोबर शिवारात फिरताना तिला दुसरं काही मिळालं. वडील ठिकठिकाणी माती उकरून पाहत, वहीत नोंद करत आणि त्या सुट्या नोंदींमधून पूर्ण तालुक्याचा नकाशा तयार करत. दोन नोंदींच्या मधल्या जमिनीत काय असेल, हे ते उताराकडे, झाडांकडे, ओढ्याच्या वळणाकडे पाहून ठरवत. थोड्या ठिकाणी मोजायचं आणि मधलं समजून घ्यायचं, ही विद्या मुलीनं बापाकडून उचलली. पुढं ती तिनं अटलांटिक महासागरावर चालवली.

मेरी १५ वर्षांची असताना आई गेली. ओहायो विद्यापीठात तिनं इंग्रजी आणि संगीत घेतलं, जोडीला इतरही बरंच काही. तेव्हा मुलींपुढं शिक्षिका, परिचारिका किंवा कचेरीतली टंकलेखिका, असे तीनच रस्ते होते. मग युद्ध आलं. तरुण मुलगे सैन्यात गेले, भूविज्ञानाचे वर्ग ओस पडले, आणि मिशिगन विद्यापीठानं त्या वर्गांची दारं मुलींना उघडली. मेरी आत शिरली आणि १९४४मध्ये तिनं पदव्युत्तर पदवी घेतली. त्यानंतर टल्सा इथल्या एका तेल कंपनीत नोकरी लागली. तिथं तेल शोधायला रानात जायचे ते पुरुष. बायकांनी कचेरीत बसून त्यांच्यासाठी नकाशे आणि कागद लावून ठेवायचे. हे काम करता करता तिनं गणिताचीही पदवी मिळवली. १९४८मध्ये ती न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात मॉरिस यूइंग यांच्या गटात दाखल झाली, तेव्हा भूविज्ञान आणि गणित दोन्ही शिकलेली ही २८ वर्षांची बाई लोकांची गणितं सोडवून देणारी मदतनीस म्हणून नेमली गेली.

यूइंग मोठे कर्तबगार गृहस्थ होते. समुद्रतळाचा अभ्यास जहाजावरूनच करायचा आणि जहाज एक दिवसही रिकामं ठेवायचं नाही, असा त्यांचा खाक्या. पुढच्याच वर्षी त्यांनी हडसनच्या काठी लामाँट वेधशाळा उभारली. तिथं मेरीची गाठ ब्रूस हीझन या विद्यार्थ्याशी पडली. तो तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. हीझननं जहाजावर जाऊन समुद्राची खोली मोजून आणायची आणि थार्प यांनी ती कागदावर उतरवायची, अशी वाटणी झाली. बाई जहाजावर असली की अपशकुन होतो ही खलाश्यांची जुनी समजूत, आणि विज्ञानाच्या जहाजांवरही ती तशीच पाळली जाई.

आता समुद्राची खोली मोजण्याविषयी थोडं बोललं पाहिजे. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी आजही खोली वावात सांगतात. शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडायची, ते तळाला टेकलं की किती वाव दोरी गेली ते मोजायचं. काठाजवळ हे सोपं. मधल्या महासागरात चार-पाच किलोमीटर दोरी सोडून परत ओढायला तासन् तास लागत. तरीसुद्धा १८५४मध्ये अमेरिकेच्या आरमारातल्या मॅथ्यू मॉरी यांनी अशा थोड्याशा मापांवरून उत्तर अटलांटिकचा खोलीचा नकाशा छापला आणि मधोमध काहीतरी उंचवटा आहे एवढं नोंदवून ठेवलं. पुढं १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाची जगप्रदक्षिणा झाली. पहिल्या महायुद्धानंतर ध्वनीनं खोली मोजण्याची यंत्रं आली. जहाजाच्या बुडातून आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढायची. जहाज चालत राही आणि कागदावर तळाची रेघ आपोआप उमटत जाई. रेघांची भेंडोळी वाढत गेली. तरी बहुतेक शास्त्रज्ञांच्या मनात समुद्राचा तळ म्हणजे गाळानं भरलेलं सपाट, मेलेलं मैदान, हेच चित्र पक्कं होतं.

१९५२मध्ये हीझन यांनी उत्तर अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांच्या नोंदी थार्प यांच्यासमोर ठेवल्या. काही आठवडे खपून त्यांनी या नोंदींमधून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारे सहा छेद तयार केले. अमेरिकेपासून निघून आफ्रिका-युरोपच्या बाजूला पोचणाऱ्या सहा रेघा, एकीखाली एक. इतका अफाट महासागर आणि त्याची माहिती सहा रेघांवर.

या सहा रेघांमधून काय दिसू शकतं, हे समजावं म्हणून आपल्या ओळखीचा मुलूख घेऊ. सह्याद्री कुणी कधी पाहिलेलाच नाही असं समजा. तो कायमचा धुक्यात बुडालेला आहे. त्या धुक्यावरून एक विमान कोकणातून देशावर सहा वेळा गेलं आणि दर वेळी खालच्या जमिनीची उंची मोजत गेलं. एकदा थळ घाटापाशी, मग बोरघाटापाशी, वरंध्यापाशी, कुंभार्लीपाशी, फोंड्यापाशी, शेवटी आंबोलीपाशी. हाती सहा वाकड्यातिकड्या रेघा आल्या. एकीत मोठं शिखर, दुसरीत नुसती खिंड, तिसरीत नदीचं खोरं. एकीतलं शिखर दुसरीत सापडणार नाही, कारण दोन रेघांमध्ये कित्येक कोसांचं अंतर. शिखरं जुळवत बसणारा माणूस इथं वैतागून उठेल. पण जो सहाही रेघा शेजारी ठेवून शांतपणे पाहील त्याला दिसेल की पश्चिमेकडून येताना जमीन बराच वेळ सखल राहते, मग एकाएकी उभा कडा चढते आणि पलीकडे सावकाश उतरत जाते. हा कडा सहाही रेघांत आहे. ज्याला हे दिसलं त्याला सह्याद्री सापडला, मग तो एकदाही घाट चढला नसला तरी.

थार्प यांच्या सहा रेघांत मधोमध एक रुंद डोंगररांग होती. यात फार धक्कादायक काही नव्हतं, अटलांटिकच्या मध्यावर उंचवटा आहे हे ठाऊक होतं. एका रेघेतली शिखरं दुसरीत जुळत नव्हती. पण डोंगराच्या ऐन माथ्यावर, जिथं शिखर असायला हवं तिथं, एक खोल खाच होती. उत्तरेकडच्या तीन रेघांत ती विशेष स्पष्ट दिसत होती. डोंगराच्या माथ्यावरून लांबच्या लांब दरी जाते आहे, असा तिचा अर्थ. आणि अशी दरी एकाच कारणानं होते. दोन्ही बाजूंची जमीन एकमेकींपासून दूर ओढली जाते आणि मधला पट्टा खाली खचतो. पूर्व आफ्रिकेतली मोठी खचदरी अशीच झाली आहे.

थार्प यांनी हे हीझन यांना सांगितलं. ते कण्हलेच. हे शक्य नाही, हे फारच खंडं सरकण्याच्या गोष्टीसारखं दिसतंय, असं त्यांचं म्हणणं पडलं. पोरीबाळींच्या गप्पा, अशा शब्दांत त्यांनी ते उडवून लावलं. ही हकिगत पुढं खुद्द थार्प यांनीच लिहून ठेवली आहे, आणि तीही कसलाही कडवटपणा न आणता.

हीझन इतके का बिचकले, हे समजून घेतल्याशिवाय या शोधाचं मोल कळत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२मध्ये असं मांडलं होतं की सगळी खंडं एके काळी एकत्र होती आणि नंतर सरकत सरकत दूर गेली. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांचे किनारे जुळतात, दोन्हीकडे सारखे जीवाश्म सापडतात, असे पुष्कळ पुरावे त्यांनी दिले. पण खंडं सरकतात कशाच्या जोरावर, हे त्यांना पटेल असं सांगता आलं नाही. १९३०मध्ये ते ग्रीनलँडच्या बर्फात वारले, आणि विशेषतः अमेरिकेत त्यांची कल्पना थट्टेचा विषय होऊन बसली. अमेरिकन विद्यापीठात तरुण भूवैज्ञानिकानं खंडं सरकण्यावर विश्वास आहे असं म्हणणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. हीझन यांची भीती पोकळ नव्हती. थार्प यांच्याकडं गमावण्यासारखं पद नव्हतं, हेही तितकंच खरं. मला मात्र वाटतं, पद असतं तरी त्यांनी ती खाच रेघेतून पुसली नसती. आपण काढलेल्या रेघेवर त्यांचा भरवसा होता, कारण ती त्यांनी मापांशी ताडून, पुन्हा पुन्हा काढली होती.

वाद मिटवला तो तिसऱ्याच माणसानं. हॉवर्ड फॉस्टर हे लामाँटमधले आरेखक. त्यांना ऐकू येत नसे. बेल प्रयोगशाळेला समुद्राखालून टेलिफोनच्या तारा टाकायच्या होत्या आणि त्या भूकंपानं कुठं तुटतील हे आधी कळायला हवं होतं. १९२९मध्ये न्यूफाउंडलंडजवळच्या भूकंपानंतर एकामागून एक तारा तुटल्या होत्या, तो धडा ताजा होता. म्हणून हीझन यांनी फॉस्टर यांना समुद्रातल्या हजारो भूकंपांची केंद्रं नकाशावर ठिपक्यांनी भरायला बसवलं होतं. त्यांचा नकाशा थार्प यांच्या नकाशाच्याच मापाचा ठेवला होता. खालून उजेड असलेल्या काचेच्या टेबलावर एकावर एक दोन्ही नकाशे ठेवले गेले. भूकंपांचे ठिपके सरळ त्या खाचेत उतरले. दरी जिथून जाते आहे असं थार्प म्हणत होत्या, तिथूनच भूकंपांची ओळ चालली होती.

आता ठिपके वाट दाखवू लागले. जिथं जहाजांची मापं नव्हती पण भूकंपांची ओळ होती, तिथंही दरी असणार. ती ओळ अटलांटिकमधून दक्षिणेला उतरून आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागरात येत होती आणि एडनच्या आखातातून थेट पूर्व आफ्रिकेच्या खचदरीला मिळत होती. जमिनीवर डोळ्यांनी दिसणारी दरी आणि पाण्याखाली फक्त थार्प यांना दिसलेली दरी एकाच साखळीतल्या निघाल्या. ही डोंगररांग पुढं सगळ्या महासागरांतून फिरते. तिची लांबी सुमारे ६५,००० किलोमीटर आहे. पृथ्वीवरची सर्वांत लांब डोंगररांग ती हीच, आणि ती अशी अखंड आहे याचा तोवर कुणाला पत्ता नव्हता. हीझन यांना पटायला जवळजवळ वर्ष लागलं. पण एकदा पटल्यावर ते मागं हटले नाहीत, हेही नमूद केलं पाहिजे.

१९५६मध्ये हा शोध प्रथम निबंधातून मांडला गेला तेव्हा त्यावर यूइंग आणि हीझन अशी दोनच नावं होती. पुढच्या वर्षी प्रिन्स्टन विद्यापीठात हीझन यांचं भाषण संपल्यावर तिथले ज्येष्ठ भूवैज्ञानिक हॅरी हेस उठून म्हणाले की, तरुण मित्रा, तू भूविज्ञानाचा पायाच हलवला आहेस. थार्प यांचं त्या वेळचं काम म्हणजे पुढच्या नकाशासाठी मापं भरत राहणं. अविश्वास दाखवणाऱ्यांमध्ये फ्रान्सचे समुद्रसंशोधक झाक कुस्तो होते. ती दरी खोटी आहे हे दाखवावं म्हणून त्यांनी अटलांटिक ओलांडताना 'कॅलिप्सो' जहाजामागून कॅमेरा लावलेली घसरगाडी तळाजवळून ओढत नेली. १९५९मध्ये न्यू यॉर्कला भरलेल्या समुद्रविज्ञान परिषदेत त्यांनी ती चित्रफीत दाखवली, तेव्हा पडद्यावर काळे कडे होते, पांढऱ्या गाळानं माखलेल्या कडा होत्या आणि मधोमध दरी होती.

शोध लागल्यावर नकाशाचा प्रश्न उभा राहिला. शीतयुद्धामुळं अमेरिकन आरमारानं समुद्राच्या खोलीची मापं गुप्त ठरवली होती. पाणबुड्यांच्या दृष्टीनं ती मोलाची माहिती होती. समान खोलीच्या रेषा दाखवणारा नकाशा छापायला बंदी. थार्प आणि हीझन यांनी मग दुसरी वाट काढली. कोलंबियातले भूगोलाचे प्राध्यापक लोबेक जमिनीची चित्रं एका खास पद्धतीनं काढत. उंचावरून तिरकं पाहताना डोंगर, कडे, मैदानं जशी दिसतील तशी ती छोट्या छोट्या रेघांनी रेखाटायची. थार्प यांनी तीच पद्धत समुद्रतळाला लावली. आकडा एकही द्यायचा नाही, रूप मात्र सगळं दाखवायचं. उत्तर अटलांटिकचं असं चित्र प्रथम १९५७मध्ये छापलं गेलं, दक्षिण अटलांटिकचं १९६१मध्ये आणि हिंदी महासागराचं १९६४मध्ये. मापांची रेषाचित्रं फक्त तज्ज्ञांना कळली असती. हे चित्र शाळेतल्या मुलालाही कळतं. बंदीतून निघालेल्या या वाटेनं समुद्रतळ शास्त्रज्ञांच्या कपाटातून सगळ्यांसमोर आला.

एक बारीकशी हकिगत सांगायचा मोह आवरत नाही. पहिल्या नकाशात जिथं मापंच नव्हती अशा मोकळ्या जागेवर थार्प यांनी सूचीची मोठी चौकट बसवली. आणखी मोकळ्या जागी, जुन्या खलाश्यांच्या नकाशात असतात तशा, जलपऱ्या आणि बुडालेली जहाजं काढावीत अशीही त्यांची इच्छा होती. हीझन यांनी नकार दिला. मला त्या जलपऱ्या हव्या होत्या. माहिती संपते कुठं आणि अंदाज सुरू होतो कुठं, हे त्यांनी प्रामाणिकपणे दाखवलं असतं.

आता आपल्या समुद्राकडं येऊ. मुंबई-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडं तोंड करून उभं राहिलं की समोरच्या अरबी समुद्रात, दूरवर, हीच डोंगररांग पाण्याखालून जाते. तिथल्या भागाला कार्ल्सबर्ग रांग म्हणतात. डेन्मार्कच्या ज्या मोहिमेनं १९२०च्या दशकाच्या शेवटी तिची पहिली मापं घेतली, तिला कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाचं पाठबळ होतं, म्हणून हे नाव. १९३३-३४मध्ये 'मबाहिस' या इजिप्शियन जहाजावरून जॉन मरे मोहीम आली. तिचे प्रमुख सेमूर स्यूवेल आधी भारताच्या प्राणिशास्त्रीय सर्वेक्षणाचे संचालक होते. या मोहिमेलाही रांगेच्या माथ्यावर घळ आढळली, आणि आफ्रिकेच्या खचदरीशी तिचं साम्य असल्याचंही १९३७च्या निबंधात लिहिलं गेलं. पण ती नोंद एका जागेपुरती राहिली. एका घळीवरून साऱ्या पृथ्वीबद्दल बोलायला तसल्या अनेक घळी शेजारी ठेवून पाहणारा माणूस लागतो.

हिंदी महासागराची आंतरराष्ट्रीय मोहीम १९५९ ते १९६५ या काळात झाली. वीसएक देशांची जहाजं तिच्यात होती. भारताचं 'आयएनएस किस्तना' होतं. या मोहिमेतल्या 'एचएमएस ओवेन' या ब्रिटिश जहाजावर केंब्रिजचे ड्रमंड मॅथ्यूज होते. १९६२मध्ये त्यांनी कार्ल्सबर्ग रांगेवरच्या खडकांच्या चुंबकत्वाची मापं घेतली. त्यांच्या विद्यार्थ्यानं, फ्रेड व्हाइन यांनी, त्यांतून दाखवलं की रांगेच्या दोन्ही बाजूंना चुंबकत्वाचे उलटसुलट पट्टे आहेत, म्हणजे माथ्यावरच्या दरीतून नवा खडक वर येतो, थंड होतो आणि दोन्हीकडं ढकलला जातो. व्हाइन आणि मॅथ्यूज यांचा १९६३मधला हा निबंध समुद्रतळ पसरतो याचा महत्त्वाचा पुरावा ठरला. खंडं सरकतात कशी, हे वेगेनरना दाखवता आलं नव्हतं; त्याचा धागा सापडला, आणि सापडला तो आपल्या अरबी समुद्रात. आपल्याकडच्या किती शाळांत हे सांगितलं जातं?

पुढची गोष्ट तर अगदी आपल्या पायाखालची आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले. अजिंठा-वेरूळ, रायगड, आपल्या गावातली काळ्या दगडाची देवळं, सगळं त्यातूनच. त्यानंतर थोड्याच काळात भारताच्या पश्चिमेची जमीन फाटली, सेशेल्सचा तुकडा वेगळा झाला आणि मध्ये समुद्र पसरत गेला. तो जिथून पसरतो ती कार्ल्सबर्ग रांग. सह्याद्रीचा पश्चिमेकडचा उभा कडा याच फुटीशी जोडला जातो. झीज होत होत तो किनाऱ्यापासून आत सरकला, असं भूवैज्ञानिक मानतात. ज्या तप्त जागेवरून दख्खनचा लाव्हा आला, तिच्यावरून भारत उत्तरेकडं सरकला. तिच्या वाटेवर लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांची पाण्याखालची रांग उरली. ती जागा आज रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. थार्प आणि हीझन यांच्या हिंदी महासागराच्या चित्रात हे सारं पसरलेलं दिसतं. बंगालच्या उपसागरातून पूर्व रेखांश ९०ला धरून दक्षिणेकडं सरळ चाललेली हजारो किलोमीटरची रांगही त्यात आहे. तिला नव्वद-पूर्व रांग हे नाव त्यांनीच दिलं. १९६७च्या ऑक्टोबरमध्ये नॅशनल जिऑग्राफिकनं ऑस्ट्रियाचे चित्रकार हाइनरिख बेरान यांच्याकडून याच महासागराचा रंगीत नकाशा करून घेतला आणि तो घराघरांत गेला.

इथं एक प्रश्न राहतो आणि तो टाळता येणार नाही. या बाईचं श्रेय गेलं कुठं? वेधशाळेत यूइंग आणि हीझन यांचं बिनसलं. हीझन कायम पदावर होते, त्यांना काढता येत नव्हतं. झळ लागली ती थार्प यांना. लामाँटमधली जागा गेली आणि नौदलाच्या पैशातून चालणारं काम त्या साउथ न्यॅकच्या आपल्या घरी बसून करू लागल्या. नकाशाचं काम थांबलं नाही, घरातल्या खोल्या कागदांनी भरल्या. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात एकदाची जहाजावर जायची मुभा मिळाली. तोवर त्यांचे दोन महासागर काढून झाले होते.

हीझन यांना खलनायक ठरवणं मला मान्य नाही. त्यांनी सुरुवातीला टर उडवली हे खरं. पण नकाशांवर त्यांनी थार्प यांचं नाव आपल्याबरोबर लावलं, त्यांच्यासाठी वरिष्ठांशी वैर घेतलं आणि पंचवीसएक वर्षं त्यांच्याबरोबर एका टेबलावर काम केलं. शिवाय त्यांचीही चूक दाखवायला हवी. ही दरी पाहून पृथ्वीच फुगत चालली आहे असं ते बराच काळ मानत होते, आणि ते खोटं ठरलं. माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे. जहाजावरून मापं आणणारा तो शास्त्रज्ञ आणि मापांचा अर्थ लावणारी ती मदतनीस, ही जी विभागणी संस्थेनं आधीच करून ठेवली होती, तिच्यावर. तीच विभागणी हॉवर्ड फॉस्टर यांच्याही वाट्याला आली, आणि त्यांचं नाव तर थार्प यांच्याहूनही कमी लोकांना ठाऊक आहे. आपल्याकडं शेतीच्या, आरोग्याच्या, भाषेच्या पाहण्यांत गावोगाव फिरणाऱ्याचं नाव अहवालाच्या पहिल्या पानावर येतं आणि आलेली हजारो पानं वर्षानुवर्षं लावून त्यात पहिल्यांदा काही पाहणारीचं नाव शेवटच्या पानावर, आभारांत. ते पान पुढं आणायला हवं.

शेवटचा मोठा नकाशा, साऱ्या जगाच्या समुद्रतळाचा, बेरान यांनी रंगवला आणि १९७७मध्ये तयार झाला. त्याच वर्षी २१ जूनला हीझन आइसलंडजवळ एका छोट्या संशोधक पाणबुडीत हृदयविकारानं गेले. ते अटलांटिकमधल्या त्याच रांगेचा उत्तरेकडचा भाग पाहायला निघाले होते. थार्प त्या वेळी जवळच दुसऱ्या एका संशोधन जहाजावर होत्या. पुढची वर्षं त्यांनी नकाशे विकण्यात, कागद लावण्यात आणि हीझन यांचं काम जपण्यात घालवली. १९९५मध्ये त्यांनी आपला सगळा संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिला, आणि दोन वर्षांनी त्या ग्रंथालयानं विसाव्या शतकातल्या चार थोर नकाशाकारांत त्यांचं नाव घेतलं. तेव्हा त्या सत्त्याहत्तरीच्या होत्या. २००१मध्ये लामाँटनंही त्यांचा गौरव केला. २०२३मध्ये अमेरिकन आरमारानं आपल्या एका समुद्रपाहणीच्या जहाजाचं नाव बदललं. आधी ते मॅथ्यू मॉरींच्या नावानं होतं, आता 'मेरी थार्प' आहे.

इकडं आपल्या बाजूला त्या हिंदी महासागर मोहिमेतून १ जानेवारी १९६६ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली आणि पुढं गोव्यात दोना पावलाला स्थिरावली. नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत याच संस्थेतल्या. १९८३-८४च्या मोहिमेत त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर उतरल्या. भारतीय मोहिमेतून स्त्रिया तिथं प्रथमच पोचत होत्या. जहाजावर बाई चालत नाही ही समजूत मोडायला जगाला किती वेळ लागला, हे या तारखा शेजारी ठेवल्या की कळतं.

काम संपलेलं नाही. आजही जगाच्या समुद्रतळापैकी सुमारे चौथा हिस्साच नव्या यंत्रांनी बारकाईनं मोजून झाला आहे. बाकीचा भाग उपग्रहांच्या ढोबळ अंदाजावर चालतो. आणि आता या डोंगराकडं वेगळ्या नजरेनंही पाहिलं जातं. दरीतून गरम पाणी वर येतं तिथं तांबं, जस्त, सोनं साठतं. २०२५मध्ये भारतानं कार्ल्सबर्ग रांगेत अशा धातूंचा शोध घेण्यासाठी आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार केला. आपली जहाजं आता तिथं जातील. त्या गरम झऱ्यांभोवती सूर्यप्रकाशाशिवाय जगणारे जीव आहेत. खणण्याआधी त्यांची नोंद कोण करणार आहे, मापं लोकांसमोर येणार आहेत की पुन्हा कपाटात जाणार आहेत, हे प्रश्न आपण आपल्या सरकारला आणि आपल्या शास्त्रज्ञांना आजच विचारले पाहिजेत. किनारपट्टीच्या राज्यात राहणाऱ्यांचा तो हक्क आहे.

संयोजकांनी सभागृहाच्या मागच्या भिंतीवर हिंदी महासागराच्या तळाचा नकाशा लावला आहे. मुंबईवर बोट ठेवा आणि नैर्ऋत्येकडं जा, उथळ पट्टा संपला की खोल मैदान लागेल आणि त्याच्या पलीकडं रांगेचा माथा. माथ्यावरची दरी नीट पाहा. तिच्या दोन्ही कडा अजूनही वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर एकमेकींपासून दूर जात आहेत. मी तिथंच नकाशाजवळ थांबतो. प्रश्न असतील त्यांनी तिथं यावं.